आज चूल बंद, पण जायचं कुठं?

‘आज बाहेर जेवू या’ असं घरातलं कुणीही म्हणू शकतं. पण ‘कुठं?’ या प्रश्नाचं उत्तर शेवटी आपल्यालाच शोधावं लागतं. यजमान म्हणतात, ‘तू म्हणशील तिथं.’ मुलं दोन दिशांना ओढतात. सासूबाई म्हणतात, ‘मला काही नको, दूधभात खाईन.’ मग आपण अशा ठिकाणी जाऊन बसतो की तिथं सासूबाईंना चालेल असं काही नसतं, धाकटी तिखट लागलं म्हणून रडते, आणि घरी परत येऊन रात्री दहा वाजता खिचडी टाकावी लागते. बाहेर जेवूनही चूल काही सुटत नाही!

तुमच्या-माझ्या घरात महिन्यातून फार तर दोन-तीनदा बाहेर जाणं होतं. तेवढे दिवस तरी वाया जाऊ नयेत असं वाटतं, हो की नाही? म्हणूनच आज माझी यादी तुमच्यापुढं ठेवते. मी राहते पुण्यात, सदाशिव पेठेत. लग्न होऊन आले त्याला आता तेरा वर्षं झाली. सकाळी चार तास शाळेत मराठी शिकवते, बाकीचा वेळ घर. त्यामुळं माझी हॉटेलं म्हणजे पायी किंवा रिक्षानं गाठता येतील तेवढीच. पण पेठांचं नशीब असं, की तेवढ्यातच प्रत्येक प्रसंगाला एक जागा सापडते. तुम्ही पुण्याच्या नसाल, तरी लग्नाचा बस्ता, मुलीची अ‍ॅडमिशन किंवा दवाखाना अशा कुठल्या तरी कामानं पुण्याला येतच असाल. तेव्हा ही यादी पर्समध्ये असू द्या.

एका चहावरून झालेला गोंधळ

आधी एक जुनी गोष्ट सांगते. बाहेर खाण्यावरून अजूनही ज्यांच्या घरी कुरबुर होते, त्यांना ती उपयोगी पडेल. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसताच कप हातात धरला. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात एकच गदारोळ उठला. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी रानडे-टिळकांसारख्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. जरूर वाचा. सार्वजनिक वादात पुढारी पुरुषांची नावं येतात, पण त्याची झळ घरातल्या बाईला कशी लागते, ते त्यात दिसतं.

एका कप चहावरून जिथं एवढं झालं, त्याच शहरात आज आपण मैत्रिणीबरोबर बसून निवांत कॉफी पितो. ही मोकळीक आपोआप आलेली नाही. तेव्हा बाहेर खाताना मनात अपराधी भाव आणू नका. ‘घरची बाई असताना बाहेर कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर ‘घरची बाई आहे म्हणूनच!’ असं सांगा.

खरेदीच्या दिवशी

लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई म्हणजे निदान पाच तासांची पायपीट. त्यातून बस्ता असेल तर बघायलाच नको. २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आली, त्यामुळं येणं सोपं झालं. पण एकदा दुकानात शिरलं की पाय आपलेच.

माझा सल्ला असा, की खरेदी रिकाम्या पोटी सुरू करू नका. भुकेल्या पोटी साडी निवडली की ती घरी आल्यावर आवडत नाही, हा माझा अनुभव आहे. सकाळी लवकर निघालात, तर नारायण पेठेत मुंजोबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ आहे. ज्यांना झणझणीत कोल्हापुरी हवी असते त्या नाक मुरडतील, कारण ही मिसळ आंबट-गोड वळणाची. बरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. पण उन्हातान्हात हिंडायचं असेल तेव्हा पोटात जाळ नको, म्हणून मला तीच बरी वाटते. तिखटच हवी असेल, तर कर्वे रस्त्याकडं काटाकिर्र आहे. नावातच सगळं आलं! तिथं मात्र हातरुमाल घेऊन जा.

केसरीवाड्याच्या बाजूला काम असेल, तर प्रभा विश्रांती गृहातला बटाटावडा खाऊन या. तिथं वड्याबरोबर पाव मागायचा नाही. वडा नुसताच खायचा, आणि खाल्ल्यावर कळतं की पावाची गरजच नव्हती.

आणि पुण्यात घड्याळाचा मान ठेवायचा, बरं का. चितळ्यांनी २०१७ साली दुपारी दुकान बंद ठेवणं सोडलं, तर त्याचीसुद्धा बातमी झाली होती! जुन्या उपाहारगृहांच्या वेळा अजूनही त्यांच्या त्यांच्या असतात. तेव्हा निघण्यापूर्वी एक फोन करावा हे उत्तम.

सासूबाईंना घेऊन

हा सगळ्यात नाजूक प्रसंग. मामंजी गेल्यावर आमच्या सासूबाई वर्षभर घराबाहेर फक्त देवळात जात होत्या. आयुष्यभर त्यांनी पंगतीच वाढल्या. हॉटेलात गेल्या असतील त्या कुणाच्या तरी मागं मागं, आणि तेव्हाही यजमानांनी मागवलं ते खाल्लं. एका एकादशीला मी म्हटलं, ‘आई, आज साबुदाणा मी भिजवलेला नाही. आपण दोघी बाहेर जाऊ.’ त्या चांगल्याच रागावल्या. पण आल्या.

मी त्यांना लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये नेलं. हे ठिकाण १९३५ साली नानासाहेब सरपोतदारांनी काढलं. नानासाहेब म्हणजे मूकपटांच्या काळातले नामवंत दिग्दर्शक. पुढं चारुकाका सरपोतदारांच्या वेळी तर नाटक-सिनेमातल्या कलावंतांचं ते हक्काचं घरच झालं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या जरा सैलावल्या. जुन्या मराठी सिनेमांवर त्यांचा भारी जीव! मग हळूच विचारलं, ‘इथं उपासाचं तेल वेगळं असतं का गं?’ मी म्हटलं, ‘तुम्हीच विचारा.’ त्यांनी वाढायला आलेल्या माणसाला खरोखरच विचारलं आणि त्यानंही आदबीनं सांगितलं. तेरा वर्षांत त्यांना एका परक्या माणसाला स्वतःसाठी काही विचारताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

साबुदाण्याचे वडे आले. त्यांनी एक घास घेतला, आणि म्हणाल्या, ‘दाण्याचं कूट जरा भरड हवं होतं.’ मी मनात म्हटलं, जमलं! दुसऱ्याच्या हातचं खाऊन त्यात खोट काढायची संधी त्यांना आयुष्यात कितीशी मिळाली होती? दोन्ही वडे संपले. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, ‘आज मी उठून कुणाला काही वाढलं नाही.’ तक्रार होती की समाधान, कळलं नाही. पण पुढच्या महिन्यात कालनिर्णयात एकादशी कधी आहे ते त्यांनीच आधी पाहिलं.

म्हणून सांगते, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पहिल्यांदा न्यायचं, तर ओळखीच्या पदार्थांच्या जागी न्या. थालीपीठ, साबुदाणा, मसालेभात, असं काही. त्यांना मेनूकार्ड वाचून दाखवू नका, त्यांच्याच हातात द्या. आणि मागवताना ‘आईंना हे चालेल’ असं परस्पर ठरवून टाकू नका.

मनातलं बोलायचं असेल तेव्हा

तीन खोल्यांच्या घरात बायकांना बोलायला जागा नसते. स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेर यजमानांचा टीव्ही, आतल्या खोलीत मुलांचा अभ्यास. गच्चीत जावं तर शेजारीण पापड वाळवत असते. मग खरं काही सांगायचं असेल तर कुठं सांगायचं?

माझी नणंद एकदा अशीच चार दिवसांसाठी माहेरी आली. चेहरा उतरलेला, पण आईसमोर हसत होती. मी तिला म्हटलं, ‘वन्सं, चला, आपण कॉफी पिऊन येऊ.’ आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत गेलो. दुपारी तीनचा सुमार, मागच्या बागेतलं टेबल मिळालं. सभोवार कॉलेजची मुलंमुली, निवृत्त मंडळी, बशांचा आवाज. गर्दीत बोलणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. कुणाचं लक्ष आपल्याकडं नसतं, आणि रडू आलं तर चटणी तिखट लागली म्हणता येतं.

आम्ही एस. पी. डी. पी. मागवली, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी. बशीतली शेव मऊ पडली तरी ती बोलतच होती. कॉफी मात्र तीनदा मागवली. ती काय बोलली आणि मग काय ठरलं, ते तिचं तिच्यापाशी. एवढंच सांगते, की परत जाताना ती ‘सगळं ठीक आहे’ असं खोटं सांगून गेली नाही. आईला आणि भावाला खरं सांगून गेली.

वैशाली आणि जवळचंच रूपाली ही दोन्ही उभारली जगन्नाथ शेट्टी यांनी. दक्षिणेतून लहान वयात आलेला माणूस पुण्याच्या कित्येक पिढ्यांना इडली-डोसा खाऊ घालून २०२३ साली, एक्याण्णवाव्या वर्षी गेला. आपल्या जागेत किती जणींनी किती गोष्टी ठरवल्या, याची त्यांना कल्पना असेल का, असं मला नेहमी वाटतं.

पण लक्षात ठेवा, रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी असं बोलायला तिथं जाऊ नका. खुर्चीमागं माणसं ताटकळत उभी असतात, आणि मनातलं बोलणं ओठावर यायच्या आत बिल येतं!

मुलांचा निकाल आणि दूरचे पाहुणे

निकालाच्या दिवशी मुलांना जेवण नको असतं, गार काहीतरी हवं असतं. निंबाळकर तालीम चौकातली सुजाता मस्तानी आमच्या मुलांच्या पाठ आहे. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, मस्तानी म्हणजे दाट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. आंब्याच्या दिवसांत आंब्याचीच घ्यावी. एक ग्लास दोन लहान मुलांत पुरतो. पण ‘तिचा गोळा मोठा’ हे भांडण होतंच. मी रिकामा ग्लास मागून स्वतः वाटून देते. आणि निकाल बरा लागला नसेल, तरी न्यावं, असं माझं मत आहे. चांगल्या मार्कांची मजा मूल घरी बसूनही करतं. कमी पडले, त्या दिवशीच त्याला आपण हवे असतो.

परगावचे किंवा परदेशातून आलेले पाहुणे असतील, तर थाळी बरी. आपटे रस्त्यावरचं श्रेयस किंवा टिळक रस्त्यावरचं दुर्वांकुर, दोन्हीकडं मराठी पद्धतीचं ताट मिळतं. डावी-उजवी बाजू नीट वाढलेली असते. पाहुण्यांना काय मागवू असा प्रश्न पडत नाही, आणि ‘आणखी घ्या ना’ हा आग्रह वाढपी करतो, आपल्याला करावा लागत नाही. मात्र दुपारी थाळी जेवायची असेल, तर सकाळी पोहे करू नका. पैसे ताटाचे मोजायचे आणि पोट पोह्यांनी भरलेलं, यात कुणाचा फायदा?

मटण-भाकरीची हौस असेल, तर सदाशिव पेठेतच आवारे मराठा खानावळ आहे. आमच्या शेजारच्या वहिनी मटणाला पक्क्या. घरी उत्तम करतात. तरीही मधूनमधून खानावळीत जायचा हट्ट धरतात. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, ‘अहो, सकाळपासून वाटण वाटून, मसाला भाजून त्याच वासानं माझं पोट भरतं. सगळे मिटक्या मारतात आणि मी ताकभात खाते. मलाही कधी भूक लागलेली असताना मटण खायचंय!’ बायांनो, यापुढं मी काय बोलू?

आणि एकटीनं

आता शेवटची जागा. ती माझ्या स्वतःच्या प्रसंगासाठी आहे. तो प्रसंग म्हणजे काहीच प्रसंग नसणं.

शाळेतली नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. एका शनिवारी घरी कुणी नव्हतं. सगळे गावी गेले होते. शाळा सुटल्यावर वाटलं, एकटीसाठी कुकर लावायचा का? एरवी अशा दिवशी आपण काय करतो? कालची पोळी, लोणचं, आणि उभ्याउभ्याच खाणं. एकटीसाठी ताट मांडून घ्यायला आपल्याला लाज वाटते. जणू आपली भूक ही दुसऱ्यांच्या भुकेची उरलीसुरली असते.

मी टिळक रस्त्यावर बादशाहीत गेले. बादशाही हे जुनं बोर्डिंग, एस. पी. कॉलेजपासून जवळच. घरापासून दूर राहणारी मुलं आणि एकटे नोकरदार यांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवणघर. नाव सांगायचं आणि नंबराची वाट पाहायची. रांगेत मी एकटी बाई होते. दोनदा परत फिरावंसं वाटलं. मनात आलं, शाळेतल्या एखाद्या मुलाचे वडील भेटले तर काय म्हणतील? घरी काही बिनसलंय असं वाटेल का त्यांना? मग नाव पुकारलं गेलं आणि मी आत जाऊन बसले. समोर एक कॉलेजचा मुलगा, शेजारी एक आजोबा. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ताट आलं. आमटी, भाजी, कोशिंबीर. वाढपी आला आणि म्हणाला, ‘ताई, पोळी गरम आहे, घ्या.’

गरम पोळी! तुमच्या ताटात शेवटची गरम पोळी कुणी कधी वाढली होती, आठवून पाहा. माहेरी, लग्नाआधी, असंच उत्तर येईल बहुतेकींचं. मी तीन पोळ्या खाल्ल्या. पैसे माझ्या पगारातले दिले. घरी सगळे परतल्यावर सांगितलंही. यजमान म्हणाले, ‘एकटी गेलीस?’ मी म्हटलं, ‘हो. तुम्ही नाही का जात?’ ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तेही खरंच.’

आता दोन महिन्यांतून एकदा तरी मी अशी जाते. कुणावर रागावून नाही. घर सोडून तर मुळीच नाही. बसून, सावकाश, दुसऱ्यानं वाढलेलं एक ताट जेवते आणि दुपारी येऊन चहा टाकते. तेवढ्यानं पुढचे कितीतरी दिवस पोळ्या लाटताना हात हलका चालतो.

थोडं हिशेबाचं

शेवटी गृहिणीनं गृहिणीला सांगायच्या चार गोष्टी.

एक, बाहेर खाण्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळे काढून ठेवा. किराण्यातून वाचवून हॉटेलात गेलं, की तिथं प्रत्येक घासाला डाळीचा भाव आठवतो.

दोन, आधी थोडं मागवा. डोसे, वडे, भाज्या दोघांत एक घेतल्या तर चार चवी होतात. लागलं तर पुन्हा मागवता येतं, उरलेलं मात्र परत करता येत नाही. पर्समध्ये एक लहान झाकणाचा डबा ठेवा. उरलेलं घरी नेण्यात कमीपणा कसला?

तीन, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, तर गर्दीच्या वेळेआधी पाऊण तास पोहोचा. भूक आणि रांग यांचं एकमेकींशी पटत नाही.

चार, बिल वाचायची सवय आपणही लावून घ्या. ते यजमानांपुढंच ठेवलं जातं, तेव्हा हात पुढं करून घ्या. एका ठिकाणी आमच्या बिलात दोन जादा थाळ्या लागल्या होत्या. जेवण कुणी किती केलं, हे घरातल्या बाईएवढं पक्कं कुणाला ठाऊक असतं?

तुमच्या गावात वैशाली नसेल, बादशाही नसेल. पण एसटी स्टँडजवळ एखादं स्वच्छ उडप्याचं हॉटेल, बाजारपेठेत एखादी खानावळ, देवळाच्या वाटेवर एखादं भजी-चहाचं दुकान नक्की असेल. त्यातलं सासूबाईंचं कुठलं, मैत्रिणीचं कुठलं आणि मुलांचं कुठलं, ते ठरवून ठेवा. आणि एक जागा फक्त स्वतःसाठी राखून ठेवा. तिथं कधी गेला नसाल, तर या महिन्यात एकदा जाऊन बसा. पोळी गरम असेल, तर नको म्हणू नका.